स्विफ्टला 17 इंची मॅगव्हील? आधी साइडवॉल मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी 2021 ची लाल स्विफ्ट व्हीएक्सआय. खाली कंपनीच्या 14 इंची लोखंडी डिस्क आणि 165/80 आर14 टायर. मुक्काम रत्नागिरीत आणि आठवड्यातून एकदा आंबा घाटातून कोल्हापूरला फेरी. मनात भरलंय ते 17 इंची काळं डीप डिश मॅगव्हील, म्हणजे रुंद कडेचं, मध्ये आत खोल गेलेलं अलॉयचं चाक, आणि त्यासोबत गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. मित्र म्हणतात 17 च्या खाली बघूच नकोस, वडील म्हणतात गाडीला हात लावायचा नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. 15 इंची चाक आणि 185/65 टायर घ्या. हौस त्यात मावत नसेल तर 16 इंच आणि 195/55. 17 घेऊ नका आणि स्प्रिंगांना अजिबात हात लावू नका. गेली बावीस वर्षं कोल्हापुरात चाकं, टायर आणि अलाइनमेंटचं काम करतोय. तुमच्यासारखी हौस असलेली पोरं मला मनापासून आवडतात, कारण गाडीकडे नीट बघणारी माणसं तीच असतात. म्हणून नुसतं ‘नको’ न म्हणता कारणं सविस्तर लिहितो.

टायरवरचे आकडे काय सांगतात ते बघू. 165/80 आर14 म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर आणि साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 132 मिलिमीटर. 185/65 आर15 मध्ये ती उंची 120 होते, 195/55 आर16 मध्ये 107 आणि 205/45 आर17 मध्ये 92. चाकाचा बाहेरचा व्यास मात्र चारही वेळा 616 ते 622 मिलिमीटरच्या आतच राहतो. याचा अर्थ मोठं चाक घातलं म्हणून गाडी उंच होत नाही. धातू वाढतो आणि तेवढंच रबर आणि हवा कमी होते. तुमच्या गाडीचा पहिला शॉकअप म्हणजे ही 132 मिलिमीटर हवा आहे. 17 वर गेलात की त्यातले 40 मिलिमीटर तुम्ही स्वतःहून देऊन टाकता.

खड्ड्याच्या काठावर चाक आपटतं तेव्हा टायर दबतो आणि क्षणभर रिमच्या कडेवर चेपला जातो. साइडवॉल उंच असेल तर रबर दबून परत वर येतं. बुटकी असेल तर रिमची कडा आणि खड्ड्याची कड यांच्यात टायरच्या आतले धागे सापडतात आणि तुटतात. दुसऱ्या दिवशी बाजूला फुगा दिसतो. फुगा आलेल्या टायरला दुरुस्ती नाही, तो फेकायचाच. पावसाळ्यात जुलैपासून गणपतीपर्यंत माझ्याकडे फुगा आलेले जे टायर येतात, त्यात 45 आणि 50 प्रोफाइलचे, म्हणजे मापातला दुसरा आकडा 45 किंवा 50 असलेले, सर्वांत जास्त असतात. आंबा घाटातला किंवा साखरप्याच्या पुढचा रस्ता पावसात कसा होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

मित्र म्हणतील, मग 205/50 आर17 घालू, साइडवॉल वाढेल. वाढेल, 102 होईल, पण चाकाचा व्यास 637 वर जातो, म्हणजे तुमच्या आताच्या चाकापेक्षा पावणेतीन टक्के जास्त. स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजून वेग दाखवतो, त्यामुळे काटा पूर्वीपेक्षा तितका कमी दाखवणार. शिवाय स्टेअरिंग पूर्ण वळवून गतिरोधकावरून उतरताना टायर आतल्या प्लास्टिक लायनरला घासायला लागतो. तो घासण्याचा आवाज एकदा सुरू झाला की गाडी चालवण्यातली मजा निघून जाते.

वजनाचाही विचार करा. अलॉय म्हणजे हलकं ही समजूत घट्ट बसलेली आहे आणि ती अर्धीच खरी आहे. आपल्याकडे सगळे म्हणतात तो ‘मॅगव्हील’ शब्द मॅग्नेशियमवरून आला. पूर्वी शर्यतीच्या गाड्यांना मॅग्नेशियमची चाकं असत, ती खरोखर फार हलकी होती. आज दुकानात मिळतं ते ॲल्युमिनियमचं मिश्रण असतं आणि बहुतेक साच्यात ओतलेलं असतं. जपानच्या रेज कंपनीचं टीई37 हे सहा आऱ्यांचं प्रसिद्ध चाक 1996 मध्ये आलं. त्याच्या नावातले 37 म्हणजे 15 इंची चाकाचं 3.7 किलो वजन. ते फोर्ज्ड होतं, म्हणजे धातूचा ठोकळा प्रचंड दाबाखाली घडवलेला. तसंच दिसणारं 17 इंची ओतीव चाक मी काट्यावर ठेवलं तेव्हा ते दहा किलोच्या आसपास भरलं. तुमची 14 इंची लोखंडी डिस्क टायरसकट साधारण साडेतेरा किलोची असेल. स्वस्तातलं 17 इंची चाक टायरसकट एकोणीसच्या घरात जातं. चार चाकांचे वीसेक किलो वाढले, आणि तेही स्प्रिंगच्या खालच्या बाजूला फिरणारे. 1200 सीसीचं इंजिन ते ओढेल, पण घाटात तिसऱ्या गिअरला जो हुरूप आज आहे तो राहणार नाही. ब्रेकलाही तेवढं जास्त वजन थांबवायचं आहे. चाकाला गाडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट लवकर जातील.

आता डीप डिशकडे येतो. ही तुमची खरी आवड आहे हे प्रश्नावरून कळतं. मलाही ती चाकं आवडतात, पण तुमच्या गाडीला ती भूमितीच्या कारणानं बसत नाहीत. हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरणाऱ्या भागाला, जिथे चाक टेकतं ती जागा चाकाच्या मध्यापासून किती बाहेर आहे, त्याला ऑफसेट म्हणतात. चाकावर तो ‘ईटी’ असा लिहिलेला असतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांत तो मोठा असतो, चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे टेकण्याची जागा चाकाच्या बाहेरच्या तोंडाजवळ असते आणि सगळी खोली आतल्या बाजूला, सस्पेन्शनकडे जाते. डिश दिसायची तर टेकण्याची जागा आत ढकलावी लागते, म्हणजे ऑफसेट कमी करावा लागतो, आणि चाक तितकं बाहेर येतं. हिशेब करून बघा. 5 इंच रुंद, ईटी 45 चं चाक काढून 7 इंच रुंद, ईटी 35 चं घातलं तर बाहेरची कडा सुमारे 35 मिलिमीटर पुढे सरकते. स्विफ्टच्या फेंडरमध्ये, म्हणजे चाकावरच्या पत्र्यात, एवढी जागा नाही. चाक बाहेर डोकावतं, चिखल दारांवर उडतो, बेअरिंगवर वेडावाकडा भार येतो आणि खड्ड्यात स्टेअरिंग हातातून ओढलं जातं. 15 इंची, साडेपाच इंच रुंद, ईटी 45 चं चाक घातलं तर कडा जेमतेम 6 मिलिमीटर बाहेर येते. फेंडर भरलेला दिसतो आणि काही घासत नाही.

दिसण्याबद्दल आता मोकळेपणानं लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे आणि दुकानात गर्दीमुळे कुणाला इतकं सांगता येत नाही. चाक किती मोठं दिसतं हे त्याच्या इंचांइतकंच आऱ्यांच्या लांबीवर ठरतं. आरे थेट रिमच्या कडेपर्यंत पोचले तर नजर त्यांच्या टोकापर्यंत जाते आणि 15 इंची चाक 16 सारखं दिसतं. आरे अलीकडेच संपून पुढे रुंद चकचकीत कड आली की तेच चाक लहान वाटतं. डीप डिशचा तोटा हाच आहे, छोट्या गाडीवर ती चाकाला आणखी छोटं करते. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 2450 मिलिमीटर, गाडी आखूड, फेंडर फुगीर आणि मागच्या दाराचं हँडल खांबात लपवलेलं. सगळा आकार गोल आणि गच्च आहे. त्याला पाच जोड-आरे किंवा सात-आठ सडपातळ सरळ आरे शोभतात. फार वळणावळणाची नक्षी घातली तर गाडीच्या रेषा आणि चाकाच्या रेषा एकमेकींशी भांडतात.

जाळीदार चाक, जे जर्मनीच्या बीबीएसनं जगभर प्रसिद्ध केलं, ते मला स्वतःला फार सुंदर वाटतं. जुन्या चौकोनी सेडानवर तर त्याच्याइतकं दुसरं काही खुलत नाही. पण रत्नागिरीच्या तांबड्या चिखलात ते धुणं म्हणजे दर रविवारी तासभर ब्रश घेऊन बसणं. तुमची तयारी असेल तर जरूर घ्या.

रंगाबद्दल माझं मत मित्रांच्या विरुद्ध पडेल. काळं चाक काळ्या टायरमध्ये मिसळून जातं. दहा पावलांवरून आरे दिसत नाहीत, फक्त एक काळी पोकळी दिसते. ज्या डिझाइनसाठी पैसे मोजले ते दिसतच नसेल तर काय उपयोग? लाल गाडीवर गनमेटल, म्हणजे गडद राखाडी, किंवा साधी चंदेरी घ्या. गनमेटलवर ब्रेकची काजळी कमी दिसते आणि उन्हात आऱ्यांच्या सावल्या पडून आकार उठून दिसतो. निळ्या सुबारूच्या रॅली गाड्यांवरची सोनेरी चाकं लोकांच्या आजही लक्षात आहेत, कारण तो रंग गाडीच्या रंगाला उत्तर देत होता. लालवर सोनेरी भडक होईल, पांढरं मात्र छान दिसेल. पण तेही तांबड्या मातीच्या मुलखात नको.

डायमंड कट तर कोकणात घेऊच नका. त्यात चाकाचा दर्शनी भाग लेथवर कापून चकचकीत करतात आणि वर पारदर्शक लॅकरचा थर देतात. एक खडा उडाला, थराला टवका गेला, की खारी हवा आत शिरते आणि लॅकरखाली पांढऱ्या अळ्यांसारख्या रेषा पसरत जातात. पुन्हा कापून घेता येतं, पण दर वेळी धातू कमी होतो, म्हणून ते दोन-तीनदाच. किनाऱ्यावरच्या गाडीला पूर्ण पावडर कोटिंगचं चाक टिकतं. आणखी एक बारीक गोष्ट. स्विफ्टला मागे ड्रम ब्रेक आहेत. मोकळ्या आऱ्यांतून तो गंजलेला ड्रम स्पष्ट दिसतो आणि नव्या चाकांची शोभा जाते. चाकं बसवायच्या दिवशीच तारेच्या ब्रशनं ड्रम घासून बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग मारून घ्या. तासाभराचं काम आहे. रंग फक्त बाहेरच्या बाजूला, चाक टेकतं त्या पृष्ठभागावर नाही.

आता ज्यावर जीव अवलंबून आहे तो भाग. चार-पाच वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक 17 इंची रिप्लिका, म्हणजे नामांकित चाकांची नक्कल असलेली, चाकं घेऊन आलं होतं, एका चाकाचा आरा तुटलेला. खड्डा मोठा नव्हता, वेगही फार नव्हता. सुदैवानं माणसं सुखरूप होती. तो तुकडा मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्री चालवणाऱ्या मित्राला दाखवला. कोल्हापूरला ओतकामाची माहिती असणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात, हे आमचं भाग्य. त्यानं भिंग धरून तुटलेल्या जागेवरची सुईच्या टोकाएवढी छिद्रं दाखवली. वितळलेलं ॲल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषतं. ओतण्याआधी तो नीट काढला नाही तर धातू थिजताना वायूची छिद्रं आत राहून जातात. वरून रंग चढवला की बाहेर काहीच दिसत नाही. चांगला कारखाना वायू काढतो, दाबाखाली ओततो, प्रत्येक चाक क्ष-किरणाखाली तपासतो आणि नंतर उष्णता-प्रक्रिया करतो. साधारण 540 अंशांवर तापवून पाण्यात विझवायचं आणि पुन्हा मंद आचेवर मुरवायचं. चाकाची ताकद त्या प्रक्रियेतून येते. म्हणूनच वाकलेलं अलॉय गॅसच्या ज्वाळेवर तापवून ठोकून सरळ करणं धोक्याचं आहे. त्या ज्वाळेनं ती ताकद उतरते. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून वापरणं तर कधीच नको. माझ्या दुकानात कुणी आणलं तर मी हात जोडून परत पाठवतो.

त्यामुळे चाक विकत घेताना ते उलटं करून बघा. आऱ्यांच्या पाठीमागे किंवा हबच्या भोवती ओतूनच उठवलेली अक्षरं असली पाहिजेत. व्यास आणि रुंदी, ईटी, चाक पेलू शकेल तो भार किलोत, बनवल्याचा महिना-वर्ष, आणि आयएसआयची खूण किंवा जपानी जेडब्ल्यूएल व व्हीआयए या खुणा. नुसता चिकटवलेला स्टिकर पुरावा नव्हे. दुकानदार ‘इम्पोर्टेड आहे, छापलेलं नसतं’ म्हणाला तर उठून निघा. आपल्याकडे चांगली चाकं बनतात. जपानच्या एन्केईचा कारखाना तर पुण्याजवळ शिक्रापूरला आहे. टायरवरचा भारांकही बघा. कंपनीच्या ‘185/65 आर15’चा 88 असतो, म्हणजे प्रत्येक टायर 560 किलो पेलतो. ‘205/45 आर17’चा साधा प्रकार 84 चा मिळतो, तो 500 किलोच पेलतो.

बसवताना तीन ठिकाणी चुका होतात. पहिली मधल्या भोकाची. स्विफ्टला चार नट 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर आहेत आणि कंपनीच्या चाकाचं मधलं भोक 54.1 मिलिमीटर. बाजारातल्या चाकांना ते बहुधा मोठं ठेवतात, 67.1 किंवा 73.1, म्हणजे कुठल्याही गाडीला बसावं. मधल्या फटीत योग्य मापाची हब रिंग घातली नाही तर चाक केसभर एका बाजूला बसतं आणि 80-90 च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात, शिसं लावत बसतात, आणि थरथर काही जात नाही, कारण दोष वजनात नसतोच. रिंग मागून घ्या आणि माप स्वतः तपासा.

दुसरी चूक नटांची. सुझुकीच्या नटाच्या दोन आट्यांमधलं अंतर 1.25 मिलिमीटर असतं, ह्युंदाई, होंडा आणि टोयोटाच्या 1.5. जाडी दोन्हींची 12 मिलिमीटरच, त्यामुळे घाईत चुकीचा नट थोडा चढतो आणि नट कसायच्या गनचा जोर लावला की आटे मरतात. पहिले चार-पाच आटे हातानं फिरले पाहिजेत, असा आग्रह धरा. नटाचं टेकणारं तोंड नव्या चाकाच्या खाचेला जुळतं का, शंकूला शंकू, हेही बघा. नवे नट घ्यावे लागले तर जुने चार नट स्टेपनीसाठी डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवा. घाटात पंक्चर झाल्यावर लोखंडी स्टेपनीला अलॉयचे नट बसत नाहीत हे कळणं फार वाईट. स्टेपनीचा व्यास मात्र 620 मिलिमीटर आहे, म्हणजे 15 इंची चाकांच्या बरोबरीचा. त्यामुळे 14 ची स्टेपनी गावापर्यंत सहज नेता येईल.

तिसरी चूक गनची. शेवटचं कसणं टॉर्क पान्ह्यानंच, म्हणजे जोर मोजून कसणाऱ्या पान्ह्यानं, मॅन्युअलमधल्या आकड्यानं, समोरासमोरचे नट आलटून पालटून.

स्प्रिंगांचं थोडक्यात. तुमच्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या तळाची उंची, 163 मिलिमीटर आहे. 30 मिलिमीटर खाली बसवली की 133 उरतात, त्यातून चार माणसं आणि सामान. नियमातला गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असतो, आपल्या गावातले किती आहेत ते तुम्ही रोज बघताय. मूळ शॉकअप त्या आखूड स्प्रिंगांसाठी बनलेलेच नसतात, ते वर्षभरात गळायला लागतात. गुळगुळीत शहरी रस्त्यावर, चांगल्या शॉकअपच्या पूर्ण संचासह हे काम सुंदर होतं. तुमच्या रोजच्या रस्त्यावर नाही.

वडिलांना बहुधा पोलिसांची आणि विम्याची काळजी असावी, आणि ती रास्त आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम 182-अ मध्ये बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. 15 इंच 185/65 हे माप खुद्द मारुतीनं याच स्विफ्टच्या वरच्या प्रकाराला, झेडएक्सआयला, दिलेलं आहे, हा त्याचा मोठा फायदा. चाक फेंडरच्या आत, व्यास तोच, माप कंपनीचं. विमा कंपनीला चाकांची पावती देऊन ती पॉलिसीत नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून लिहून घ्या, नाहीतर चोरी झाली तर काही हाती लागणार नाही.

आणि एक स्वस्तातला मार्ग. झेडएक्सआय घेतलेली काही माणसं मोठी चाकं घालतात आणि कंपनीचा 15 इंची संच जवळपास नवा असतानाच विकून टाकतात. असा संच मिळाला तर बॅलन्सिंग मशिनवर प्रत्येक चाक टायर काढून फिरवून बघा. कडा डोलते का, आतल्या बाजूला वेल्डिंगचा डाग किंवा नवा रंग आहे का, हे तपासा. चाकं निर्दोष निघाली तर गनमेटल पावडर कोटिंग करून घ्या. उरलेल्या पैशात चार चांगले टायर येतील. ओल्या घाटात गाडी धरून ठेवतो तो टायर, तिथे काटकसर करू नका.

तरीही मन 17 वरच अडलं असेल तर पैसे देण्याआधी एक करा. ज्या मित्रानं 17 घातलंय त्याची गाडी एक दिवस मागून घ्या, वडिलांना मागच्या सीटवर बसवा आणि साखरप्यापर्यंत जाऊन या. येताना स्टेअरिंग त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही मागे बसा. नंतर 15 घ्या की 16, बसवल्यावर पहिल्या 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क पान्ह्यानं पुन्हा तपासून घ्या. नव्या अलॉयवर रंग दबतो आणि नट किंचित सैल पडतात. कुठल्याही दुकानात पाच मिनिटांत होतं, आणि माझ्याकडे आलात तर त्याचे पैसे नाहीत.